मुलाम्याच्या गोळीला किती पावडर?

आमच्या शूटिंग क्लबात तीन वह्या आहेत. एक हजेरीची, एक तक्रारींची, एक गोळ्यांची. हजेरीची वही महिन्यातनं एकदा सगळेजण मिळून भरतात. तक्रारींची कोरी आहे, कारण तक्रार करणाऱ्याला आम्ही लगेच कमिटीत घेतो. आणि गोळ्यांची वही माझ्याकडं असते. तिच्या समासात मी जे पेन्सिलीनं खरडत गेलो ते इतकं साचलं, की मागच्या वेळी तपासणीला आलेले साहेब आकडे सोडून समासच वाचत बसले. चहा झाला, बिस्किटं झाली, साहेब पान उलटत होते. जाताना म्हणाले, "हिसाब बरोबर आहे का ते पुढच्या वेळी बघतो."

तर हा त्या समासातला माल.

आधी मी कोण ते सांगतो. बेळगावात टिळकवाडीत राहतो. पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये इन्स्ट्रक्टर होतो, म्हणजे पोरांनी मोडलेल्या वस्तू आपोआप मोडल्या असं रजिस्टरात लिहिण्याचं काम. रिटायर झालो आणि क्लबानं मला गोळ्या भरायच्या टेबलावर बसवलं. क्लब आमचा निपाणी रोडला, हायवे सोडून आत, जुन्या खडीच्या खाणीत. मारलेल्या गोळीची रिकामी पुंगळी उरते, ती फेकायची नाही. पुसायची, मागं ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून पावडर घालायची, वर नवी गोळी ठेवून तोंड आवळायचं. झाली तयार. यासाठी रीतसर परवाना काढलाय. त्या परवान्याचे कागद कन्नडात, इंग्रजीत आणि कुणालाच न कळणाऱ्या सरकारी भाषेत आहेत.

पावडर जास्त पडली तर पिस्तूल हातात फुटतं. एवढंच लक्षात ठेवा, बाकीचं सगळं त्यावरच आहे.

*

आमचे सेक्रेटरी बाळाण्णा. खडेबाजारात सराफीचं दुकान, तिसरी पिढी. गिऱ्हाईक बांगडी मोडायला घेऊन आलं की बाळाण्णा आधी ती कसोटीवर घासतात, मग भिंगातनं बघतात, मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघतात. आईनं दिलेली बांगडी म्हणून कुणी रडायला लागलं तरी घासतातच.

तर असा हा माणूस क्लबासाठी परदेशी गोळ्यांची पेटी मागवतो. नुसती वरची गोळी बरं का, भरायला. पेटी उघडली तर आत सगळं झगझगीत. बाळाण्णा खूश. "बघा की ओ सर, तांब्याच्या हाईत. जाड कवचाच्या. लई दिवस झाले असा माल बघून."

मी एक गोळी घेतली, ब्लेडचं टोक फिरवलं. एका रेघेत तांबं गेलं आणि खाली करडं शिसं. कवच नव्हे, मुलामा. कागदाइतका पातळ.

फरक काय पडतो? नुसत्या शिशाच्या गोळीला पावडर कमी लागते, जाड कवचाच्या गोळीला जास्त. दोन्हीचे तक्ते पुस्तकात छापलेले आहेत. ही मुलाम्याची गोळी दोन्हीच्या मधली. कवच समजून वरचा आकडा घातला तर मुलामा नळीतच फाटणार, आणि नशीब आणखी फाटकं असेल तर पिस्तूलसुद्धा.

बाळाण्णांनी ती गोळी हातात घेतली, सवयीनं भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि सवयीनंच बोलले, "मोडीत घेणार न्हाय."

*

आता ही पेटी परत करायची सोय नव्हती, कारण मिलिंद.

मिलिंद निपाणीचा. माझाच विद्यार्थी. आता सदलग्याला बँकेत मॅनेजर आहे, वय चाळिशीच्या पुढं. बत्तीस बोअरच्या पिस्तुलानं मारतो, आणि आमच्या क्लबात जो एकटा माणूस खरोखर निशाणा लावतो तो हाच. बाकीचे आम्ही खाणीवर मारतो, आणि खाण मोठी असल्यामुळं लागतं. त्या वर्षी बेंगळूरच्या राज्य स्पर्धेसाठी तो निवडला गेला होता. तिथं नंबर आला असता तर पुढं राष्ट्रीयला. याआधी दोनदा गेला होता आणि दोन्ही वेळेला बाजारातल्या वेगवेगळ्या पेट्यांच्या गोळ्यांनी घात केला होता. एक वर जाते, एक खाली. यंदा तर तयार गोळ्या कुठंच मिळत नव्हत्या. सात आठवडे हातात आणि माल म्हणून ही मुलाम्याची पेटी.

"सर, तुम्ही भरून द्याल त्या मारतो," मिलिंद म्हणाला. बँकेचा माणूस, पण एवढा विश्वास टाकताना एक फॉर्मसुद्धा भरून घेतला नाही.

*

किती पावडर घालायची हे ठरवायला कमिटी बसली. कमिटी म्हणजे बाळाण्णा, डॉक्टर आणि सुभेदार आप्पा. चौथा मी, पण माझं मत धरायचं नाही असा नियम आहे, कारण मी टेबलावर बसतो.

डॉक्टर दातांचे. हिंडवाडीत दवाखाना. कुठल्याही विषयावर त्यांच्या फोनमध्ये माहिती असते आणि ती माहिती ते पेशंटचं तोंड उघडं असताना सांगतात, म्हणजे मध्ये कुणी बोलत नाही. त्यांनी रात्रीतनं चौदा तक्ते गोळा केले होते. कुणा अमेरिकन माणसाचा, कुणाच्या व्हिडिओखालच्या कॉमेंटमधला, एक तर पावडरीचं नावच न दिलेला. चौदा आकडे बेरीज करून चौदानं भागले आणि वहीवर गोल करून ठेवले.

"ही सरासरी. यात सगळ्यांचा अनुभव आला."

मी बघितलं. त्यात दोन तक्ते दुसऱ्याच बोअरचे होते, आणि एक बंदुकीचा.

मी म्हटलं, "डॉक्टर, एकाच पेशंटला चौदा डॉक्टरांनी चौदा डोस सांगितले, तर तुम्ही सरासरी देता का?"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पेशंटचं वेगळं आहे सर. पेशंट कोर्टात जातो."

*

सुभेदार आप्पा खानापूरकडचे. घरची भातशेती, फौजेत अठ्ठावीस वर्षं, आता मुलगा बेळगावात नोकरीला म्हणून इथं. मिशी अजून ड्युटीवर आहे. आप्पांना तक्ताबिक्ता मान्य नाही.

"वासावरनं कळतंय की रं," आप्पा म्हणाले. "पावडर जादा झाली तर धूर वेगळा वास मारतोय. म्या फौजेत हजारांनी राउंड मारल्यात."

"मारल्यात आप्पा. भरल्यात किती?"

आप्पांनी मिशीवर हात फिरवला. "भरायचं काम कारखान्याचं. माझं काम रिकामं करायचं."

"मग आजपातुर एक तरी भरलीय?"

"तुला सांगतोय काय, गरजच पडली न्हाय."

आणि सभेच्या मिनिट्समध्ये डॉक्टरांनी लिहिलं: सुभेदारसाहेबांच्या प्रदीर्घ अनुभवाचा लाभ घ्यावा.

*

हे सगळं मिलिंदच्या बायकोच्या कानावर गेलं. आशा निपाणीच्या हायस्कुलात गणित शिकवते. एका रविवारी मिलिंदबरोबर आली आणि तो सराव करत होता तेवढ्यात सरळ माझ्या टेबलासमोर येऊन बसली.

"सर, ह्यांच्या हाताला काही होणार नाही ना?"

मी समजावून सांगितलं. पुंगळीत दाब कसा वाढतो, गोळी आत किती खोल बसली की दाब किती बदलतो, मुलाम्याचं कसं, कवचाचं कसं. कागदावर चित्र काढलं. दहा मिनिटं तरी गेली असतील.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सर, मी हो का नाही एवढंच विचारलं होतं."

'नाही होणार' म्हणायला जीभ तयार होती, पण तो आकडा अजून ठरायचा होता आणि तो ठरवायला एक सराफ, एक दातांचे डॉक्टर आणि एक मिशी बसली होती.

मग ती जरा हळू आवाजात बोलली. "ह्यांचे आजोबा, वडील, दोघं तंबाखूच्या वखारीत हमाल होते. पोती उचलून सासऱ्यांचा उजवा खांदा शेवटपर्यंत वर आला नाही. घरातला हा पहिला हात आहे सर, ज्यानं पोतं उचललेलं नाही. तुम्हीच त्यांना लॅबमध्ये मायक्रोमीटर धरायला शिकवलंय. म्हणून तुम्हाला विचारलं."

ती गेल्यावर मला भीती वाटली, खरं सांगतो. चाळीस वर्षं पोरांना सेफ्टीवर भाषणं दिली, पण कुणाच्या हाताकडं असं बघितलं नव्हतं.

*

मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. गोळ्या बनवणाऱ्या कंपनीलाच मेल केला. हे कमिटीला सुचलं नव्हतं, कारण त्यात कमिटीची गरज पडत नाही.

दोन दिवसांत उत्तर आलं. साधं, सरळ. त्याच वजनाच्या, त्याच आकाराच्या शिशाच्या गोळीचा छापील तक्ता घ्या. तो नसेल तर कवचाच्या तक्त्याच्या खालच्या टोकापासून सुरू करा, मध्याच्या वर जाऊ नका. थोडं थोडं वाढवा, प्रत्येक वेळी पुंगळ्या तपासा. तक्त्यात जी पावडर आहे तीच वापरा, दुसरी नाही. तोंड हलकं आवळा, मुलामा कापला जाता कामा नये.

मी कमिटीसमोर वाचून दाखवलं. सगळ्यांचे चेहरे पडलेले. वरात दारात आल्यावर लग्न मोडावं तसं झालं होतं.

शेवटी बाळाण्णा म्हणाले, "एवढंच? हे तर आपल्यालाबी म्हाईत होतं की ओ."

"मग सांगायचं नव्हतं का?"

"विचारलं कोण आम्हाला?"

डॉक्टरांचा वेगळाच मुद्दा. "कंपनी आहे सर. ते खालचाच आकडा सांगणार. त्यांना जबाबदारी नको असते." आणि हे म्हणताना त्यांनी आपली सरासरी हळूच पुन्हा पुढं सरकवली.

*

मी वैतागलो. म्हटलं, "ठीक आहे. ज्याला जो आकडा पाहिजे तो घ्या. फक्त एक करायचं. ज्याचा आकडा ठरेल त्यानं पहिल्या पाच गोळ्या क्लबच्या पिस्तुलातनं स्वतःच्या हातानं मारायच्या."

निपाणीच्या बाजारात तंबाखूचा सौदा चढत जातो. आमचा उतरायला लागला.

डॉक्टर म्हणाले, सरासरी तशी थिअरेटिकल आहे, थोडी खाली घेऊ. बाळाण्णा म्हणाले, मी आपलं सर्वसाधारण बोललो होतो, आणखी खाली घ्या. डॉक्टरांना आठवलं की त्यांना उद्या रूट कॅनाल आहे, हात स्थिर पाहिजे, तर आणखी थोडं खाली. आप्पा तेवढे म्हणाले, "म्या मारतो की, त्यात काय," आणि मग माझ्या कानाशी येऊन, "पर जरा बेतानं ठेव रं."

बघता बघता आकडा तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीलाही ओलांडून गेला. तेव्हा मी टेबलावर हात आपटला.

"आता थांबा. याच्या खाली गेलं की गोळीला बाहेर पडायला जोर पुरत नाही. नळीतच अडकते. आणि कळलं नाही आणि मागनं दुसरी मारली, तर नळी फुटते."

बाळाण्णांनी चष्मा काढला, पुसला. "म्हणजे वर गेलं तरी मरण, खाली गेलं तरी मरण. मग माणसानं जगायचं कुठं हो?"

"तक्त्यात," मी म्हटलं.

शिशाच्या तक्त्यातला सुरुवातीचा आकडा ठरला. पहिल्या पाच मीच मारल्या. एकेक करून, दर गोळीनंतर नळीतनं पलीकडचा उजेड बघून. आप्पा सगळा वेळ माझ्या शेजारी उभे होते. लांब उभे राहा म्हटलं तर म्हणाले, "लांबनं काय दिसतंय?" पाचही व्यवस्थित गेल्या. मग थोडं वाढवलं, पुन्हा पाच. तीन रविवारांत आकडा सापडला. मिलिंदच्या पिस्तुलानं एकाच जागी मारलं, रुपयाएवढ्या जागेत. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की बाळाण्णांनी आणलेला कुंदा मी मधुमेह विसरून खाल्ला.

*

आकडा मिळाला, आता दोनशे गोळ्या भरायच्या. तोंड आवळायच्या यंत्रावर डॉक्टर बसले. स्वतः होऊन बसले. "तीस वर्षं लोकांच्या दातांवर कॅपा बसवतोय, हे मला शिकवू नका."

हलकं आवळा, मी तीनदा सांगितलं. डॉक्टरांना हलकं माहीत नाही. दातावर बसवलेली कॅप पेशंटनं ऊस खाल्ला तरी हलता कामा नये, हे त्यांचं ब्रीद. त्यांनी ती दांडी अशी दाबली की पुंगळीची धार मुलाम्यात रुतली.

पुढच्या रविवारी मिलिंदनं दहा मारल्या. आदल्या आठवड्याचं रुपयाएवढं भोक गेलं, गोळ्या ताटभर पसरल्या. दोन भोकं तर लांबट, म्हणजे गोळी आडवी होऊन लागलेली. मी एक न मारलेली गोळी उघडून बघितली. कडेला गोल चीर, तांब्याचा पापुद्रा सुटत आलेला.

मिलिंद स्वभावानं गरीब. त्यानं ती गोळी डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "डॉक्टर, कॅप निघाली."

डॉक्टरांनी उजेडात धरून बघितली, जिभेनं टक् केलं. "मग खालचा दातच वाईट होता."

*

वेळ कमी राहिला होता. मला हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शन ऑफिसला जायचं होतं. आप्पा म्हणाले, "तू जा. म्या भरतो. सांग कसं ते."

ठरल्या वजनाला बरोबर बसणारं एक छोटं पितळी माप मी करून घेतलं होतं. काठोकाठ भरायचं, पट्टी फिरवून सपाट करायचं, पुंगळीत ओतायचं. एवढंच. आप्पांना दाखवलं, त्यांच्याकडनं पाचदा करून घेतलं. बरोबर केलं.

पेन्शन ऑफिसात मी जिवंत आहे हे पटवायला दुपार गेली. परत आलो तर आप्पांनी पन्नास भरून ओळीनं उभ्या केलेल्या. शिपाई कवायतीला उभे असतात तशा. मी खूश झालो. कौतुक करावं म्हणून म्हटलं, एक माप घालून दाखवा बघू.

आप्पांनी माप भरलं, तोंडानं "लाभ" म्हटलं, पहिलं माप टाकताना शेतकरी म्हणतो तसं, आणि पट्टी न फिरवता वरच्या टोकदार ढिगासकट पुंगळीत ओतलं.

"आप्पा, सपाट करायचं होतं!"

"ते विकायच्या मापाला," आप्पा म्हणाले. "घरच्या माणसाला माप देताना शीग लावूनच देत्यात. आमच्या बानं कुणाला सपाट माप घातलं न्हाय. मिलिंद काय परका हाय व्हय?"

पन्नासच्या पन्नास गोळ्यांत प्रेमानं जादा घातलेली पावडर. त्यातली एकेक मी गोळी उघडायच्या हातोडीसारख्या यंत्रात अडकवून, आपटून आपटून उघडली. वजन केलं तर प्रत्येकीत पावडर भलतीच जास्त, तक्त्याच्या कुठल्याच ओळीत न बसणारी. आप्पा बाजूला बसून बघत होते. हिशेब त्यांच्या लक्षात आला. मग उठून स्वतःच हातोडी घेतली आणि राहिलेल्या उघडून दिल्या. जाताना म्हणाले, "मापात असं असतंय हे म्हाईत नव्हतं रं."

त्या दिवशी मी फर्मान काढलं. टेबलाला कुणीही हात लावायचा नाही. डॉक्टर नाही, आप्पा नाही, बाळाण्णांनी तर टेबलाकडं बघायचंसुद्धा नाही. सगळ्या गोळ्या मी एकटा भरणार, प्रत्येकीची पावडर काट्यावर तोलून. तिघंही मुकाट्यानं हो म्हणाले. मला फार बरं वाटलं. शहाणा माणूस एकच असला की काम सोपं होतं, असा माझा समज.

*

मिलिंदची मॅच शनिवारी होती. आम्ही चौघं सकाळपासनं क्लबात. कुणी पिस्तूल काढलं नाही. बाळाण्णांनी दुकान भावावर सोडलं होतं, डॉक्टरांनी अपॉइंटमेंटी पुढं ढकलल्या होत्या. आशा मिलिंदबरोबर बेंगळूरला गेली होती. पहिल्या भागाचे गुण तिनं पाठवले, मिलिंद तिसरा. आप्पांनी मिशी दोन्ही बाजूंनी पिळली. दुसरा भाग सुरू झाला आणि मेसेज थांबले.

दुपारी फोन आला. मी स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"सर, मिलिंद बोलतोय. मॅचमधनं बाहेर पडलो."

मी फोनवर वाकलो.

"काय झालं?"

"एका गोळीचा आवाज बारका आला. फुस्स असा. पुढची मारायला बोट गेलंच होतं सर, वेळ चालू होता. पण थांबलो, पिस्तूल खाली ठेवलं, हात वर केला. पंचांनी रॉड घालून बघितलं. गोळी नळीच्या मध्यावर अडकलेली. आत पावडर पडलीच नव्हती म्हणाले, नुसत्या टोपीच्या जोरावर सरकली होती. रॉडनं ठोकून काढली, पिस्तूल शाबूत आहे. पण त्याच पेटीतली आणखी एखादी तशी असली तर? बाकीच्या मारायचं धाडस नाही झालं. दुसऱ्या गोळ्या नव्हत्या. माघार घेतली."

मी काही बोलायच्या आत बाळाण्णा पुढं झाले. आयुष्यात कधी चूक कबूल न केलेला माणूस. "मिलिंद, अरे पेटीच मी आणलो ती. मालच तसला. माझ्यामुळं झालं बघ."

डॉक्टर म्हणाले, "नाही नाही, ती आवळताना मीच काहीतरी केलं असणार."

आप्पांनी तर फोन हातातच घेतला. "पोरा, म्या केलो. शेवटच्या दिशी सर चहाला गेलते, तवा म्या दोन भरलो. त्यांना बोलायचं न्हाय."

तिघंही खोटं बोलत होते. मी चहाला गेलो नव्हतो. शेवटचा ट्रे भरताना चिकोडीहून एक पाहुणे आले होते, आणि मी त्यांना आप्पांचा शिगेचा किस्सा रंगवून रंगवून सांगत होतो. पाहुणे पोट धरून हसत होते. एका हातानं मी पावडर ओतत होतो आणि दुसऱ्या हातानं आप्पांची मिशी करून दाखवत होतो. ट्रे भरल्यावर प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघायचं असतं. ते मी पोरांना शिकवलंय. त्या दिवशी बघितलं नाही.

मी आप्पांच्या हातातनं फोन घेतला. "मिलिंद, ती मी भरली होती. सगळ्या मीच भरल्या."

पलीकडं हॉलमधली कन्नड अनाउन्समेंट ऐकू येत होती. मग फोन आशानं घेतला.

"सर, ह्यांचा हात मी धरलाय, तो नेला तसा घरी घेऊन येते. नळीतनं निघालेली गोळी तुमची, ती तुम्ही ठेवून घ्या."